भाऊसोनं पेठ बदलली

माझा धाकटा भाऊ भाऊसो हा परदेशात चेंडू खेळून पोट भरणारा आमच्या शिवाजी पेठेतला पहिला माणूस. दुसरा अजून झाला नाही, असं आमचे तात्या शेवटपर्यंत सांगायचे, आणि त्यांचं सांगून होण्याआधी कुणी दुसरा विषय काढला की त्याला उठवून लावायचे. माझा स्वभाव तात्यांवरच गेलाय. तेव्हा मी सांगतेय तोवर मध्ये बोलायचं नाही.

तात्या म्हणजे आमचे वडील, तालमीचे वस्ताद. घरात आम्ही दोघंच भावंडं, मी शालन थोरली आणि हा भाऊसो. भाऊसोला पैलवान करायचं हे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. पण पोरगं वाढायला लागलं ते थांबेचना. मॅट्रिकला पोचेपर्यंत प्रत्येक दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ एकदा तरी शेकलं होतं. उंच पैलवानाचे पाय समोरच्याच्या हाताला लवकर लागतात, त्यामुळे आखाड्यात तो दुसऱ्या मिनिटाला आडवा व्हायचा. शेवटी तात्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याला तालमीच्या फुटबॉल टीममध्ये गोलकीपर म्हणून उभा केला. तिथं मात्र त्याला उडीसुद्धा मारावी लागत नसे.

आता बाहेरच्या माणसाला एक सांगायला पाहिजे. कोल्हापुरात पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलची टीम असते. ज्या पेठेत जन्मला त्याच पेठेकडून खेळायचं, हातपाय चालतात तोवर. आमच्यातला एकजण एकदा चार दिवस दुसऱ्या पेठेकडून खेळला, तर त्याच्या लग्नात आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा जेवायला गेलं नाही. आणि सगळ्यात जास्त दुष्मनी कुणाशी, तर मंगळवार पेठेशी.

आणि माझं लग्न करून दिलं कुठं? मंगळवार पेठेत! स्थळ चांगलं होतं, माणसं सरळ होती, आमचे हे उद्यमनगरात लेथवर कामाला होते. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायला लागले ती तिकडच्याच शाळेत. दोन पेठांची मॅच असली की माझा भाऊ गोलमध्ये उभा असायचा आणि माझा नवरा गोलच्या मागं उभा राहून त्याला अशा शिव्या घालायचा की त्या मी शाळेतल्या पोरांना कधी ऐकू दिल्या नसत्या. संध्याकाळी दोघंही माझ्याच घरी चहाला. साखर कुणाच्या कपात जास्त पडली याच्यावरही दोघांचं लक्ष असे.

सहासष्ट साली भाऊसो कॉलेजात गेला. तिथले खेळाचे सर होते हंबीरराव. त्यांनी याला एका हातानं फुटबॉल हवेतून उचलताना बघितला आणि तसाच मनगटाला धरून बास्केटबॉलच्या मैदानावर नेला. घरी कळलं तेव्हा तात्या स्वतः बघायला गेले. परत आले. जेवताना म्हणाले, समदं बरं हाय, पण त्या बुट्टीला बूड न्हाय, गोल ऱ्हाणार कुठं? भाऊसोनं शांतपणे सांगितलं की गोल मोजत्यात, भरून ठेवत न्हाईत. तात्यांना ते पटलं नाही. पुढं कितीतरी वर्षं आमच्या पेठेत या खेळाला बुट्टीचा, म्हणजे टोपलीचा खेळच म्हणत.

पण पोराला हा खेळ मानवला. जसा उसाला पाऊस मानवतो तसा मानवला. कॉलेजला जिंकून दिलं, मग विद्यापीठाच्या टीममध्ये गेला, बंगलोर झालं, पतियाळा झालं. जाईल तिथून तो पायातले बूट फाडून यायचा आणि हंबीरराव सर स्वतःच्या खिशातून नवे आणायचे. एकाहत्तर साली मुंबईला नागपाड्यात एक मोठी स्पर्धा होती. तिथं बघणाऱ्यांत हाजी युसूफ नावाचे एक बहारीनचे व्यापारी बसले होते. मोत्यांच्या धंद्यापायी त्यांची निम्मी जिंदगी मुंबईत गेलेली, हिंदी आपल्यापेक्षा बरं. मनामा नावाच्या शहरात त्यांचा क्लब होता आणि त्या क्लबला उंच माणूस पाहिजे होता. दिवसा नावाला वखारीत काम करायचं, संध्याकाळी खेळायचं, पगार खेळाचा.

भाऊसो म्हणाला, वडिलांना विचारल्याशिवाय जमणार नाही. तर हा भला माणूस रेल्वेनं कोल्हापूरला आला. पांढराशुभ्र पायघोळ झगा घालून तालमीच्या कट्ट्यावर बसला तेव्हा सगळी पेठ त्याला बघायला जमली. तात्यांनी त्याला पगार विचारला नाही, हवापाणी विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, पावणं, तुमचा दुष्मन कोन? हाजीसाहेबांनी समुद्राकडं बोट दाखवावं तसा हात केला आणि सांगितलं, आमच्या गावासमोर समुद्रात मुहर्रक नावाचं दुसरं गाव आहे, मध्ये पूल आहे, आणि पुलापलीकडचा क्लब हा आमचा सात पिढ्यांचा दुष्मन. तात्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. म्हणाले, मग काय, हितलंच हाय की समदं. आणि भाऊसोला बजावलं, ज्याचं मीठ खाशील त्याच्याकडनंच खेळायचं.

बहारीनमध्ये पोराचं बस्तान बसलं. पहिलीच मॅच जिंकली आणि यानं सवयीनं वाकून मैदानाला हात लावून तो कपाळाला लावला, आखाड्यातली माती लावतात तसा. मैदान सिमेंटचं. टीमवाल्यांना वाटलं याचं काहीतरी पडलंय, सगळे मिळून शोधायला लागले! कळल्यावर हसले, पण पुढच्या मॅचला सगळी टीम कपाळाला हात लावत होती. भाऊसो हे नाव जिभेवर बसेना, म्हणून तिथली पोरं त्याला ‘बू सो’ म्हणायची. त्र्याहत्तर साली सुट्टीवर आला तेव्हा त्याचं लग्न केलं. मुलगी मुरगूडची, श्यामला नाव, बोलायला कमी आणि डोक्यानं तल्लख. ती इथंच आमच्या माहेरी तात्यांजवळ राहिली, कारण क्लबच्या खोलीत चार खेळाडू राहायचे, तिथं बायकोला जागा नव्हती.

पाच वर्षं अशी मजेत गेली. मग हाजीसाहेब थकले. धंदा पोरांच्या हातात गेला आणि पोरांना खेळाचं काडीचं प्रेम नव्हतं. पुढच्या वर्षापासून क्लबात फक्त गावातली पोरं खेळणार, बाहेरचा माणूस ठेवायचा नाही, असं ठरलं. पण हाजीसाहेब दिलदार माणूस. त्यांनी स्वतः पूल ओलांडून भाऊसोची सोय लावली. मुहर्रकचा क्लब त्याला चार वर्षांसाठी घ्यायला तयार झाला, वखारीचं काम नाही, नुसता खेळ, आणि राहायला वेगळी जागा, बायकोला आणता येईल अशी.

दुसऱ्या कुणी देव पावला म्हणून उडी मारली असती. आमचा दिवटा काय म्हणाला? मी पेठ बदलत न्हाय!

हाजीसाहेबांनी डोकं फोडून घेतलं. अरे, मीच तुला पाठवतोय ना? हा ऐकेना. मीठ खाल्लंय, दुष्मनाकडनं खेळणार नाही, त्यापेक्षा घरी जातो. क्लब नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर त्या देशात राहता येत नाही. मुहर्रकवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलं. हा ट्रंक उचलून कोल्हापूरला आला.

त्या दिवशी मी शाळेत होते. शिवाजी पेठेच्या बाजूनं हलगीचा आवाज यायला लागला. वर्गातलं एक कार्टं म्हणालं, बाई, तुमच्या भावाची मिरवणूक हाय. मला वाटलं पोरानं तिकडं काहीतरी मोठं जिंकलं. जीव असा हरखला की मी शाळा सुटायची वाट न बघता तशीच निघाले.

जाऊन बघते तर उघडी जीप, जीपमध्ये भाऊसो, डोक्याला कोल्हापुरी फेटा, गळ्यात कानापर्यंत हार. गुलालानं रस्ता लाल. तात्या पुढं चालताहेत, आणि पैलवान पोरं नाचताहेत. भाऊसो मात्र असा बसला होता की जीपमध्ये घालून कुणीतरी दुखणाईत माणूस दवाखान्यात नेतंय. मी माहेरच्या घराकडं वळले. दारात श्यामला उभी होती. म्हटलं, काय जिंकलं गं यानं?

ती म्हणाली, “काय न्हाय जिकलं, वन्सं. नोकरी सोडून आल्यात. त्याची मिरवणूक हाय.”

मग तिनं सगळं सांगितलं. मी ऐकत गेले तसतसं माझं डोकं तापत गेलं. पेठ काय म्हणत होती, तर भाऊसोनं परमुलखात शिवाजी पेठेचं नाव राखलं, दुष्मनाच्या दारात गेला नाही, हा खरा वाघ! अरे, वाघाला उपाशी मारून त्याच्यापुढं हलगी वाजवताय तुम्ही. आणि ही बिचारी पोरगी तीन वर्षं नवऱ्याशिवाय राहिली, तिला आता नवरा मिळाला तो असा, हारात गुंडाळलेला.

मिरवणूक तालमीजवळ थांबली. तात्या भाषणाच्या तयारीला लागले तेवढ्यात मी भाऊसोला जीपच्या पलीकडं गाठला. विचारलं, आता काय करणार? म्हणाला, हंबीरराव सर म्हणालेत, कॉलेजच्या मैदानावर देखरेखीचं काहीतरी बघतो. मी नुसतं त्याच्याकडं बघत राहिले. लहानपणापासून मी असं बघितलं की हा खरं बोलतो.

“आक्का, माझ्यात आजून चार-पाच वर्सं खेळ हाय गं,” तो म्हणाला. “ही मानसं मला हार घालून जित्ता पुराल्यात. पर तात्यांम्होरं कसं बोलू?”

त्याचे डोळे भरून आले होते. सहा फूट चार इंचाचा बाप्या, आणि फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसत होता. त्यानं बोलायचं नव्हतं तर मी बोलणार होते.

तालमीत बाईमाणूस जात नाही. मीही गेले नाही, पायरीवर उभी राहिले. तात्यांचं भाषण रंगात आलं होतं, जात बदलंल पर पेठ बदलनार न्हाय वगैरे. मी तिथूनच हाक मारली. सगळी पेठ वळून बघायला लागली, एवढी गप्प की हलगीवाल्याचा खोकला ऐकू आला.

मी म्हटलं, “तात्या, ह्यानं पेठ बदलली न्हाय म्हणून हार घातलासा. आनि माझी पेठ कुनी बदलली? तुमीच की. बँड लावून, वरात काढून, ह्याच रस्त्यानं. मी त्या दिवशी गद्दार झाले व्हय?”

कुणीतरी मागून पुटपुटलं की बाईमाणसाचं वेगळं असतंय. काय वेगळं असतंय, हे मी त्याला तिथल्या तिथं विचारलं. सोळा वर्षं मी मंगळवार पेठेचं मीठ खातेय. त्यांच्या पोरांना बाराखडी शिकवली, त्यांच्या म्हाताऱ्यांची दुखणी काढली, त्यांच्या तालमीचा गणपती माझा म्हणून पुजला. म्हणून माझं माहेर तुटलं? तात्या माझे वडील राहिले नाहीत? पेठेतल्या प्रत्येक घरातली पोरगी पेठ नाहीतर गाव बदलून गेलीय आणि या पेठेतली प्रत्येक सून दुसरीकडून आलीय. आम्ही सगळ्या जर गद्दार, तर तुम्हाला भाकरी कोण थापतंय? आणि याला तर हाजीसाहेबांनी स्वतः नेऊन दिलाय, बापानं लेक द्यावी तसा. दिल्या घरी जायचं सोडून हा माहेरी येऊन बसलाय, आणि तुम्ही हलगी वाजवताय!

इतकं बोलले आणि मला धाप लागली. वडिलांशी जन्मात असं बोलले नव्हते. भीती वाटली नाही असं नाही. पण आता माघार घेतली असती तर भावाचं आयुष्य मैदानावरची दगडं वेचण्यात गेलं असतं.

तात्यांनी मिशीवरनं हात फिरवला. मग पायरीपर्यंत आले. विचारलं, “शालन, तुला पाठवताना मी काय म्हणालतो?”

मी सांगितलं, “दिल्या घरी सुखी ऱ्हा म्हणालासा.”

तात्या भाऊसोकडं वळले. त्याच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांचा हात पुरेना, तेव्हा भाऊसो खाली वाकला. तात्या म्हणाले, “जा बाबा. दिल्या घरी सुखी ऱ्हा.”

एवढ्या मोठ्या गड्याला सासरी पाठवताना बघून एकजण फिसकन हसला. मग दुसरा हसला. मग सगळी पेठ हसायला लागली आणि तात्यासुद्धा, हसता हसता डोळे पुसत. गुलाल उरलाच होता. हलगीवाल्याला म्हटलं, वाजव रे, आणि तीच जीप, तोच फेटा, तीच माणसं घेऊन मिरवणूक तार ऑफिसकडं निघाली, हाजीसाहेबांना येतोय म्हणून तार करायला. तार घेणारा कारकून गुलालानं माखलेली एवढी गर्दी बघून खुर्ची सोडून उभा राहिला. पण तात्यांनी एक अट घातली. दर मॅचआधी हाजीसाहेबांच्या पाया पडायचं. सासरी गेलं तरी माहेरची रीत सोडायची नाही.

घरी आले तेव्हा आमचे हे दारातच उभे. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. मला वाटलं आता इथं दुसरी लढाई. तर हे म्हणाले, मंगळवार पेठेची सून शिवाजी पेठेला ऐकवून आली म्हणं, लई झकास. तेवढाच आनंद त्यांना!

भाऊसो गेला, मागोमाग श्यामला गेली. अठ्ठ्याहत्तर साली तिला दिवस गेले आणि तिची आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला मी गेले. विमानात बसले, समुद्र बघितला, आणि त्यांच्या लेकीला, नंदिनीला, पहिल्यांदा मांडीवर मीच घेतलं. पोरगी जन्मली तेव्हाच पाय एवढे लांब की दाई बघत राहिली. महिन्याभरानं मॅच होती, मुहर्रक आणि मनामा, म्हणजे भाऊसोचं सासर आणि माहेर. तो म्हणाला, आक्का, तू येणार हायस.

तुम्हाला खोटं वाटेल, मी जन्मात मैदानावर मॅच बघितली नव्हती. कोल्हापुरात जन्म, भाऊ गोलकीपर, नवरा गोलमागं, पण आमच्या वेळी बाया मैदानावर जात नव्हत्या. आम्हाला निकाल कळायचा तो घरी येणाऱ्या माणसाच्या तोंडावरून. इथं समुद्राकाठी उघडं मैदान, दिवस नुकता मावळलेला, खेळाडूंच्या घरच्या बाया एका बाजूला बसलेल्या. भाऊसो मैदानात आला तो सरळ पलीकडं मनामावाल्यांच्या बाकाकडं गेला आणि हाजीसाहेबांच्या पाया पडला. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला हाकलला.

आणि मग माझा भाऊ खेळला. काय सांगू! तो एवढा सुंदर दिसतो हे मला माहीतच नव्हतं. दाराच्या चौकटींना धडकणारा, खाटेबाहेर पाय काढून झोपणारा आमचा आडमाप भाऊसो त्या मैदानावर मापात होता. चेंडू हातात आला की अंगात वारं शिरल्यासारखा वर जायचा. मी ओरडत होते, आरं घाल, आरं घाल की, आणि शेजारच्या बाया मला न कळणाऱ्या भाषेत तेच ओरडत होत्या. शेवटी त्यानंच चेंडू टाकला आणि मुहर्रक जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. पलीकडं मनामाची पोरं मान खाली घालून निघून गेली.

घामानं निथळत तो माझ्याजवळ येऊन खाली बसला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा नव्हता त्याचा. सारखा पलीकडं बघत होता. मग म्हणाला, “आक्का, एक इचारू? आपली पेठ आनि दाजींची पेठ खेळत असती, तवा तू कुनाच्या बाजूची असतीस?”

अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तात्यांनी नाही, आमच्या ह्यांनी नाही. दोन्हीकडच्यांनी मला आपलीच धरली होती. मी काहीतरी चेष्टेचं बोलायला तोंड उघडलं आणि एकदम रडूच आलं, भर मैदानावर.

डोळे पुसून मी सांगितलं, “जो हरंल त्याच्या. जिकलेल्याला गाव जेवाय घालतंय. हरलेला माझ्या सैपाकघरात येऊन बसतोय.”

पलीकडच्या बाकावर हाजीसाहेब एकटेच बसून राहिले होते, काठीवर हनुवटी टेकून. मुहर्रकवाले भाऊसोच्या नावानं ओरडत होते, मेजवानीला गाड्या उभ्या होत्या. हा उठला, त्यांना हात करून थांबवलं आणि मैदान ओलांडून म्हाताऱ्याकडं गेला. तो त्यांना हाताला धरून उठवताना मला दिसला, तशी मी लगबगीनं घराकडं निघाले. भात टाकायला पाहिजे होता.